रिम उजळावी की बदलावी?

द हेगमध्ये ज्याच्या गाडीच्या चाकांवर एकही ओरखडा नाही, त्याने बहुधा कधी पार्किंग शोधलेले नसावे, असे मी गमतीने म्हणतो. जुन्या वस्तीतले रस्ते अरुंद, पदपथाची कड दगडी, आणि गाडी लावायची ती दोन गाड्यांच्या मध्ये, कडेला अगदी चिकटून. त्यात स्खेवेनिंगनकडून येणारी खारी हवा आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ. अलॉय रिम, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम, एकदा खरचटली की तिच्यावरच्या लॅकरखाली ओल व मीठ शिरते आणि काही महिन्यांत अळीसारख्या पांढरट रेषा पसरू लागतात.

गाडी विकायची असते किंवा लीजची मुदत संपत आलेली असते, तेव्हा या ओरखड्यांकडे आपले लक्ष जाते. मंडळातील दोन-तीन सभासदांनी मला नुकतेच विचारले, 'रिम नव्यासारख्या करून घेणे परवडते का?' माझे उत्तर असे की खर्चाचा विचार नंतर करावा. आधी इजा कातडीला आहे की हाडाला, ते पाहावे. आपल्या आजीच्या काळी कल्हईवाला भांडे लख्ख करून देई. पण भांड्याला भोक असेल तर ते कल्हईने बुजत नसे. रिमचेही तसेच आहे.

इजेचे तीन प्रकार मानावेत. पहिला, वरवरचे ओरखडे व उडालेला रंग. ही रिम बिनधास्त उजळून घ्यावी. दुसरा, वाकलेली कड. खड्ड्यात चाक आपटल्यावर ए-12 सारख्या महामार्गावर वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागले, तर ही शंका घ्यावी. आतील कडेचा लहानसा बाक जाणकार कारागीर यंत्रावर मोजून सरळ करतो. बाक मोठा असेल किंवा आऱ्यांच्या वा बोल्टच्या भोकांच्या जवळ असेल, तर मात्र नाद सोडावा. तिसरा, तडा. तडा वेल्डिंगने सांधून वर रंग दिला की डोळ्यांना काही दिसत नाही, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर झालेला असतो. मागच्या सीटवर मुले बसवून अशा चाकावर धावण्यात शहाणपण नाही. ती रिम भंगारात द्यावी. एपीकेच्या तपासणीत ओरखड्यांसाठी कुणी गाडी नापास करत नाही. तडा गेलेल्या किंवा फार वाकलेल्या रिमसाठी मात्र करतात.

आता काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. टायर, व्हॉल्व्ह आणि हवेच्या दाबाचा सेन्सर आधी काढतात. (नोव्हेंबर 2014 पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, सेन्सर आत राहिला तर भट्टीत निकामी होतो.) मग जुना रंग उतरवतात, खाचा घासून समतल करतात आणि प्रायमर, रंग व लॅकर चढवतात. रंगाची पावडर वापरली तर ती पक्की करायला साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसची भट्टी लागते. अलॉय रिमला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन बळ आणलेले असते. जुना रंग जाळून काढण्यासाठी कुणी याहून खूप जास्त तापवले, तर ते बळ कायमचे जाते. म्हणून 'रंग कसा उतरवता आणि भट्टी किती तापवता?' हे न लाजता विचारावे.

काही रिमचा दर्शनी भाग लेथवर कातून आरशासारखा केलेला असतो. तो पुन्हा उजळायचा म्हणजे धातूचा आणखी एक पातळ थर कातायचा. हे एखाद्या वेळी ठीक. पुन्हापुन्हा करता येत नाही. अशा रिमला साधा रंग देणे अधिक टिकाऊ ठरते.

पैशांच्या बाबतीत चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, बिंकहॉर्स्टसारख्या गॅरेजच्या वस्तीत किंवा इतरत्र दोन ठिकाणी तरी विचारावे आणि भाव लेखी घ्यावा. त्यात 21 टक्के बीटीडब्ल्यू, टायर काढणे-घालणे आणि बॅलन्सिंग धरले आहे ना, ते पाहावे. दोन, चारही रिमच्या खर्चाची तुलना नव्या रिमच्या किमतीशी करावी. तीन, लीजची गाडी आपली नसते. किती ओरखडे चालतात हे गाडी परत घेण्याच्या नियमावलीत दिलेले असते. ते वाचून व कंपनीला विचारूनच खर्च करावा. जे चालण्याजोगे आहे त्यासाठी पैसे कशाला घालवा? चार, जुन्या रिम विकत घेताना त्या उलट्या करून आतली बाजू पाहावी. तिथे वेल्डिंगचा उंचवटा किंवा एकाच जागी जाड रंग दिसला तर पैसे खिशातच ठेवावेत.

घरच्या घरी रिम रंगवण्याचा उत्साह असेल, तर तब्येतीची काळजी आधी. घासताना उडणारी जुन्या रंगाची व ब्रेकची धूळ फुप्फुसांत जाते. म्हणून ओल्या कागदाने घासावे, चांगला मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. हार्डनर मिसळायच्या अनेक लॅकरमध्ये आयसोसायनेट असतात; त्यांनी दमा जडू शकतो. ऑगस्ट 2023 पासून युरोपात असा माल व्यवसायासाठी वापरणाऱ्या कारागिरांनाही आधी प्रशिक्षण घ्यावे लागते, यावरून काय ते समजावे. रिम धुण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत जाते आणि वेदना काही तासांनी सुरू होतात. असे काही अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना त्या आम्लाचे नाव सांगावे.

काम होऊन गाडी हाती आली की एक गोष्ट जरूर पाहावी. बोल्ट जिथे टेकतात तिथे आणि रिमच्या मागच्या टेकणाऱ्या भागावर जाड रंग नसावा. तो रंग दबला की बोल्ट सैल होतात. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासून घ्यावेत. टायरची खोलीही त्याच वेळी मोजावी. कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, हिवाळ्यात तर आठवड्याला, साध्या शाम्पूच्या पाण्याने मीठ धुऊन टाकावे. हा खर्च सर्वांत कमी आणि फायदा सर्वांत जास्त. चकाकी विकत मिळते, मजबुती मिळत नाही, एवढे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.