सरकत्या रिगरवरची बंदी आता उठवायला हवी

लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमधून लाइटवेट रोइंग बाद झालं, शर्यत 2000 मीटरवरून 1500 मीटरवर आली आणि वाळूवरून धावत जाऊन बोट गाठायची बीच स्प्रिंट कार्यक्रमात दाखल झाली. यातला पहिला बदल भारताच्या जिव्हारी लागणारा आहे. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग 11 वे आले आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवलं, ते लाइटवेट दुहेरी स्कल्समध्येच. एवढी उलथापालथ करायची तयारी असेल, तर चाळीस वर्षांहून जुनी एक बंदीही पुन्हा तपासायला काय हरकत आहे? ती आहे सरकत्या रिगरवरची.

बोटीच्या कडांबाहेर पसरलेल्या ज्या सांगाड्याच्या टोकाशी वल्हं अडकवतात, तो रिगर. एकट्याची शर्यतीची बोट साधारण आठ मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम फूटभर. वल्ह्यांचे दोन टेकू मात्र एकमेकांपासून सुमारे 160 सेंटिमीटरवर लागतात. रिगर नसेल तर एक तर बोट रुंद करा, नाहीतर तरफ आखूड ठेवा. इंग्लंडमधल्या टाइन नदीवरच्या हेन्री क्लॅस्परने 1840 च्या दशकात हा सांगाडा सुधारून रूढ केला आणि 1846 मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीतही तो आला.

जुन्या पद्धतीच्या रिगरमध्ये धातूच्या नळ्या तिकाटण्यासारख्या जोडून प्रत्येक बाजूला वेगळ्या बोल्टने आवळतात. एखादी नळी वाकली तर तेवढीच बदलता येते, म्हणून काटकसरीने चालणाऱ्या क्लबांसाठी तो अजूनही चांगला पर्याय आहे. पण जोड जास्त, त्यामुळे लवचीकपणाही जास्त. खेळाडूने लावलेल्या जोराचा काही भाग सांगाडा वाकवण्यातच जातो. विंग रिगर म्हणजे अॅल्युमिनियमचा किंवा कार्बनचा एकसंध पंख, बोटीवर आडवा बसवलेला. तो ताठ असतो आणि झटपट निघतो. काही बोटींत हा पंख खेळाडूच्या पायांवरून जातो, तर काहींत पाठीमागून. आज मोठ्या स्पर्धांत विंगचंच राज्य आहे.

पण नळी असो वा पंख, हे सगळे रिगर बोटीला घट्ट जखडलेले असतात आणि खेळाडूची बैठक मागेपुढे सरकते. खरी गोम इथेच आहे. एकट्याच्या बोटीचं किमान वजन रिगरसह 14 किलो आणि आत बसणारा माणूस ऐंशी-नव्वद किलोचा. प्रत्येक वल्ह्यासरशी एवढं वजन मागेपुढे होतं, तेव्हा हलकी बोट त्याच्याखाली उलट दिशेने हिसके खाते. पाण्याचा अवरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग वाढल्यावर जेवढी शक्ती जास्त खर्च होते, तेवढी वेग घटल्यावर वाचत नाही. म्हणजे सरासरी वेग तोच राहिला, तरी हिसक्यांची किंमत मोजावीच लागते.

यावर उपाय काढणाऱ्यांत जर्मन जैवयांत्रिकी तज्ज्ञ फोल्कर नोल्टे अग्रभागी होते. विंग रिगरच्या जन्मातही त्यांचंच नाव घेतलं जातं. बैठक पक्की करायची आणि रिगर व पाय टेकायची फळी एकत्र सरकवायची, एवढीच ती कल्पना. मग मागेपुढे होतं ते मुख्यतः काही किलोंचं सामान. माणसाचं धड जवळपास जागच्या जागी राहतं आणि बोट एकसारख्या गतीने पुढे जाते. पश्चिम जर्मनीच्या पीटर-मिखाएल कोल्बेने 1981 मध्ये म्युनिकला अशाच बोटीत जगज्जेतेपद मिळवलं. दोन वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीतले सगळे सरकत्या रिगरवर आले आणि लगेच बंदी आली. मुख्य कारण दिलं गेलं खर्चाचं: जुन्या बोटी रातोरात निकामी होतील आणि गरीब संघ मागे पडतील.

त्या वेळी ती भीती रास्तच होती. कोल्बेने 1986 मध्ये साध्या सरकत्या बैठकीवरही विश्वविजेतेपद पटकावलं, तेव्हा सगळं श्रेय सामानाला देता येणार नाही हेही मान्य. पण त्यानंतर याच खेळाने महागड्या कार्बनच्या बोटी, कार्बनची वल्ही आणि कार्बनचे पंख बिनतक्रार स्वीकारले. खर्चाची सबब एकट्या सरकत्या रिगरलाच का लावायची?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर पुण्यात वल्हवायला शिकला, 2016 मध्ये रिओत एकेरीत 13 वा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. पुण्यात आणि नाशकात आज क्लब आहेत, पाणी आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. बंदी आंतरराष्ट्रीय शर्यतींना आहे, प्रयोगाला नाही. विद्यार्थ्यांनी एखाद्या जुन्या बोटीवर सरकता रिगर बसवावा, त्याच खेळाडूला दोन्ही पद्धतींनी त्याच अंतरावर वल्हवायला लावावं, वेळेची नोंद ठेवावी आणि ते आकडे भारतीय रोइंग महासंघापुढे मांडावेत. महासंघानेही तो विषय जागतिक संघटनेच्या पुढच्या बैठकीत न्यावा.