बालकांच्या मनातील दवाखान्याची भीती

दिनांक १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचण्यात आली. भारतात ही लस यशस्वी रीतीने घेणारी ती पहिलीच व्यक्ती होय. मुलगी स्वभावाने शांत होती, अशी तिच्याविषयीची त्या काळची नोंद आहे. तिच्या दंडावरील लस घेऊन मुंबईतील आणखी काही बालकांना टोचण्यात आली आणि एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशा रीतीने ती पुढे हैदराबाद, मद्रास व म्हैसूरपर्यंत जाऊन पोहोचली. आपल्या देशातील लसीकरणाचा प्रारंभ असा एका लहान बालिकेपासून झालेला आहे.

त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटला. देवीचा रोग या देशातून १९७५ साली नाहीसा झाला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दवाखान्याच्या पायरीवर हंबरडा फोडणारे बालक मात्र आजही गावोगावी दिसते. 'मुले रडायचीच, त्यात काय विशेष?' असे म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो. परंतु या रडण्याची किंमत कित्येकदा मुलाच्या आरोग्यालाच मोजावी लागते. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

मलकपेठेतील एक अनुभव

प्रस्तुत लेखकाची धाकटी बहीण हैदराबाद शहरातील मलकपेठ भागात राहते. मुसी नदीच्या दक्षिणेस वसलेली ही वस्ती महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना व व्यापाऱ्यांना चांगली परिचित आहे. आपल्याकडील कांद्याच्या मालमोटारी येथील बाजारात येतात. घोड्यांच्या शर्यतींचे मैदानही येथेच आहे.

बहिणीची मुलगी तीन वर्षांची असताना तिच्या पायावर गळू झाले. दवाखान्याचे नाव काढले तर मुलगी घराबाहेर पडणार नाही, या धास्तीने घरच्या मंडळींनी तिला 'चल, घोडे पाहायला जाऊ' असे सांगितले. मुलगी आनंदाने नवा झगा घालून निघाली. प्रत्यक्षात तिला नेले ते दवाखान्यात. तेथे दोघांनी तिचे हातपाय घट्ट धरले, आईला बाहेर थांबावयास सांगण्यात आले आणि गळू कापण्यात आले. जखम आठ दिवसांत भरून आली. पण त्यानंतर मैदानावरून जाताना घोडा दिसला तरी मुलगी आईच्या पदरात तोंड लपवून थरथर कापू लागली.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर ती सांगण्याचे कारण नव्हते. पाचव्या वर्षी त्रिगुणी लशीची वर्धक मात्रा देण्याची वेळ आली. 'आज नको, उद्या पाहू' असे करता करता सात महिने निघून गेले. मुलीचा आकांत पाहवत नाही, हे एकच कारण. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात या तिन्ही रोगांपासून मिळणारे संरक्षण टिकविण्यासाठी जी मात्रा आवश्यक, तीच एका फसवणुकीमुळे रखडली.

अखेरीस मुलीची आजी नांदेडहून आली. सर्व प्रकार ऐकून घेतल्यावर तिने नातीला मांडीवर घेऊन सांगितले, "बाळ, मंगळवारी आपल्याला दवाखान्यात जायचंय. तिथं दंडावर सुई टोचतील. थोडं दुखेल, मग थांबेल. मी तुला मांडीवरच घेऊन बसणार आहे." मुलगी रडली. आजीने रडू दिले. थोड्या वेळाने मुलीने विचारले, "आणि घोडे?" आजी म्हणाली, "घोड्यांकडे जायचं असेल तेव्हा घोडे म्हणूनच सांगेन. सुईचं असेल तेव्हा सुई म्हणूनच सांगेन."

पुढचे दोन दिवस आजी व नात बाहुलीला सुई टोचण्याचा खेळ खेळत होत्या. मंगळवारी मुलगी आजीच्या मांडीवर बसली, टोचताना जोराने ओरडली आणि दोन मिनिटांत शांत झाली. त्या वृद्ध स्त्रीने मानसशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते. मुलाला दुखणे सोसता येते, विश्वासघात सोसता येत नाही, एवढे मात्र तिला ठाऊक होते.

भीतीचे मूळ कोठे असते?

वयाप्रमाणे भीतीचे स्वरूप बदलते. सात-आठ महिन्यांच्या बालकाला परका चेहरा नको असतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आईपासून दूर होण्याची धास्ती सर्वांत मोठी वाटते. तीन ते सहा वर्षांचे मूल कल्पनेच्या राज्यात वावरत असते. आपण खोडी केली म्हणून आजारी पडलो व सुई ही त्याची शिक्षा आहे, असे त्याला वाटू शकते. टोचलेल्या छिद्रातून सगळे रक्त वाहून जाईल, असेही काही मुलांना वाटते. टोचल्यावर लावलेल्या छोट्याशा पट्टीने अशा मुलाला केवढा तरी धीर येतो, त्याचे कारण हेच.

या स्वाभाविक भीतीत आपण मोठी माणसे भर घालतो. 'जेव, नाहीतर डॉक्टर येऊन सुई टोचतील' हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही, असे घर विरळाच. पूर्वी बागुलबुवा होता. आता त्याची जागा डॉक्टरांना देण्यात आली आहे. ज्याच्या नावाने वर्षभर धाक दाखविला, त्याच्याच समोर मुलाने एके दिवशी निमूटपणे बसावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

परभाषेच्या मुलखात आणखी एक अडचण येते. मलकपेठेतील मराठी मुलाच्या कानी दवाखान्यात तेलुगू व उर्दू पडते. सोलापूर, नांदेड या सीमेवरील जिल्ह्यांतही असे प्रसंग येतात. बोलणे कळत नाही, पण एक शब्द नेमका कळतो. मराठीत सुई, उर्दूतही सुई आणि तेलुगूत सूदी! बाकीचे सारे अगम्य असल्यामुळे तेवढाच शब्द मुलाच्या मनात घर करून राहतो. अशा वेळी डॉक्टर काय म्हणाले, ते आईवडिलांनी मुलाच्या कानात त्याच्या भाषेत सांगत राहावे.

घरी करावयाची तयारी

अगदी लहान मुलाला दवाखान्यात जाण्याविषयी त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी सांगावे. फार आधी सांगितल्यास ते उगीच झुरत राहते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगण्यास हरकत नाही. सांगताना खरे व थोडक्यात सांगावे. 'मुळीच दुखणार नाही' हे वाक्य कटाक्षाने टाळावे. ते खोटे ठरताच पुढचे दहा शब्दही मुलाला खोटे वाटतात.

घरातील वाटी व दोरी यांचा नळीयंत्रासारखा उपयोग करून मुलाला डॉक्टर होऊ द्यावे. त्याने बाहुलीची, आजोबांची छाती तपासावी, जीभ पाहावी. जे स्वतःच्या हाताने केले, त्याची भीती निम्मी होते. दवाखान्यात जाताना आवडते खेळणे किंवा नेहमीचे पांघरूण बरोबर घ्यावे. जमल्यास एखादे वेळी काही काम नसतानाही मुलाला आरोग्य केंद्र दाखवून आणावे.

दवाखान्यात काय करावे?

लस टोचताना होणारी वेदना कमी कशी करावी, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांसाठी खर्च करावा लागत नाही आणि खेड्यातील उपकेंद्रातही त्या पाळता येतात. त्यांतील मुख्य अशा :

(१) टोचताना आई, वडील किंवा जवळची व्यक्ती मुलाजवळ असावी.

(२) तान्ह्या बाळास लस टोचतेवेळी किंवा तिच्या किंचित आधी अंगावर पाजावे.

(३) तीन वर्षांखालील मुलाला कुशीत धरावे. त्याहून मोठ्या मुलाला सरळ बसवावे.

(४) सहा वर्षांखालील मुलाचे लक्ष खेळणे, गाणे वा गोष्ट यांकडे वळवावे.

(५) एकाच वेळी अनेक लसी द्यावयाच्या असल्यास अधिक दुखणारी लस शेवटी द्यावी.

(६) कर्मचाऱ्यांनी शांतपणे व साध्या शब्दांत बोलावे. भीतिदायक किंवा खोटे शब्द वापरू नयेत.

टोचलेली जागा चोळणे व वेदना होऊ नये म्हणून आधीच औषध पाजणे या दोन्ही गोष्टींची संघटनेने शिफारस केलेली नाही. नंतर ताप आल्यास परिचारिका किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करावे.

टोचून झाल्यावर 'रडूबाई कुठली!' असे हिणवू नये. 'दुखलं ना? पण तू हात स्थिर ठेवलास' असे म्हणावे. रडणे हा मुलाचा पराभव नव्हे.

रुग्णालयात राहावे लागले तर

आईच्या सान्निध्याचे महत्त्व मोठमोठ्या रुग्णालयांनाही उशिराच उमगले. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या निरीक्षकाने लंडनच्या एका रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट जगापुढे ठेवला. त्या काळी पालकांना भेटीसाठी अगदी मोजका वेळ मिळत असे. ती मुलगी फारसा गोंधळ घालीत नव्हती. पण तिचे ते गप्प राहणे समाधानाचे नसून दुःखाचे होते, हे चित्रपटात स्पष्ट दिसले. प्रारंभी अनेक डॉक्टरांना हे रुचले नाही. तथापि १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने मुलांच्या भेटीवर वेळेचे बंधन नसावे आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. मूल गप्प आहे म्हणजे ते निर्भय आहे असे नाही, हा धडा आपणही ध्यानात ठेवावा.

शिक्षक व कर्मचारी यांचा वाटा

लसीकरणाच्या वेळापत्रकानुसार जन्मतः, दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यात आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान लसी दिल्या जातात. त्यानंतर ५ ते ६ वर्षे, १० वर्षे व १६ वर्षे या वयांत पुन्हा सुई घ्यावी लागते. म्हणजे भीतीचा प्रश्न पुढे शाळेतही येतो. याशिवाय ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना आहे.

ही तपासणी म्हणजे मुलांना डॉक्टरांची ओळख करून देण्याची नामी संधी होय. बहुतेक वेळा त्या दिवशी सुई नसतेच. वजन, उंची, डोळे, दात, कान पाहिले जातात. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी आदल्या दिवशी मुलांना हे समजावून द्यावे. लसीकरण असेल त्या दिवशी मात्र तेही स्पष्ट सांगावे. फार घाबरणाऱ्या मुलाला रांगेत शेवटी ताटकळत ठेवू नये. इतरांची रडारड ऐकत त्याची भीती वाढतच जाते. टोचण्याची जागा शक्य तर आडोशाला असावी. 'दंगा केलास तर सुई द्यायला सांगेन' असे वर्गात कोणीही म्हणू नये.

वैद्यकीय अधिकाऱ्यांचा व परिचारिकांचा वेळ मोलाचा असतो आणि रांग मोठी असते, हे खरे. तरीही मुलाचे नाव विचारणे, नळीयंत्र त्याच्या हातात क्षणभर देणे आणि टोचण्यापूर्वी 'आता देते हं' असे सांगणे, यास अर्धा मिनिटही लागत नाही. घाबरलेल्या मुलाला आवरण्यात याहून कितीतरी अधिक वेळ जातो.

त्या मलकपेठेतील मुलीला पुढे आजीने ठरल्याप्रमाणे एका सकाळी घोडे दाखवून आणले. जाताना मुलीने दोनदा विचारले, "नक्की घोडेच ना?" आजीने दोन्ही वेळा 'हो' म्हटले, आणि ते खरे होते. आता तिची दहाव्या वर्षाची लस जवळ आली आहे. तिची तारीख यावेळी तिने स्वतःच दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. आपल्या घरातील मुलाची कोणती मात्रा राहिली आहे, हे पालकांनी आजच लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे. आणि राहिली असल्यास मुलाला खरे सांगून, त्याचा हात धरून, जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.