राहिलेला प्रबंध आणि हरवलेली झोप

आपल्या घरात पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी असेल. कोर्सवर्क पूर्ण झालेले, माहितीही गोळा झालेली; राहिलेला असतो तो ‘फक्त’ प्रबंध. या ‘फक्त’मध्येच सारी यातना असते. तेरसारख्या गावातही असे संशोधक डोकेदुखी, आम्लपित्त, निद्रानाश घेऊन दवाखान्यात येतात. आस्थेने विचारले, की कळते : मार्गदर्शकांचा फोन वाजला तरी छातीत धडधडते.

हा आळस नव्हे. आजवर वर्ग, परीक्षा, सोबती होते. लेखनाच्या टप्प्यावर माणूस एकटा पडतो. लिहिले नाही म्हणून अपराधी वाटते आणि त्या अपराधभावामुळेच लेखणी उचलवत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही लंडनमधील शिक्षण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धवट राहिले. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे जमवून ते १९२० मध्ये परतले. परीक्षकांनी त्यांचा प्रबंध एकदा दुरुस्तीसाठी परत केला, डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली. खंड पडणे म्हणजे अपयश नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तेव्हा मुदतीच्या धास्तीने शिक्षण सोडण्यापूर्वी विद्यापीठात चौकशी करावी.

संशोधकांनी झोपेची वेळ पाळावी, रोज चालावे, ठरावीक वेळी तासभर तरी लिहावे आणि अपुरे प्रकरणही मार्गदर्शकांना दाखवावे. घरच्यांनी ‘कधी संपणार?’ हा प्रश्न बंद करून ‘आज दोन तास मोकळे करून देऊ का?’ असे विचारावे. संशोधक सून असेल, तर हे अधिकच अगत्याचे.

उदासी, अनिद्रा, अन्नावरची वासना उडणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी भेटावे आणि तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते.

आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात नामदेवांना कच्चे मडके ठरविले, अशी कथा आहे. नामदेव दुखावले, पण थांबले नाहीत. विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केले. कच्चे मडके फेकून द्यायचे नसते. त्याला भट्टीत वेळ द्यायचा असतो.