विश्लेषण : सोन्याच्या जन्मकथेत ‘उशिरा’ निघणारे न्यूट्रॉन का मोजतात?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पसरली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची नोंद झाली. त्यानंतरच्या रेडिओ लहरींचा मागोवा घेणाऱ्या दुर्बिणींत खोडदची जीएमआरटीही होती. अशा टकरींत सोने, प्लॅटिनम घडते. पण किती, याचे उत्तर केवळ आकाशात मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत न्यूट्रॉन मोजावे लागतात.

हे न्यूट्रॉन येतात कुठून?
टकरीत अणुकेंद्रके भराभर न्यूट्रॉन गिळून अस्थिर होतात. मग बीटा ऱ्हासात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. नव्या केंद्रकात ऊर्जा फार उरली, तर एखादा न्यूट्रॉनही निसटतो. तो क्षणात सुटतो; उशीर होतो तो आधीच्या ऱ्हासामुळे. ब्रोमीन-८७ चा अर्धायुकाल सुमारे ५५ सेकंद आहे आणि त्याच्या १०० ऱ्हासांत साधारण अडीच न्यूट्रॉन मिळतात. न्यूट्रॉन सुटला की केंद्रकाचा वस्तुमानांक एकने घटतो आणि सुटलेला न्यूट्रॉन दुसरे केंद्रक पकडू शकते. त्यामुळे कोणते मूलद्रव्य किती उरेल, हा हिशेबच बदलतो.

मोजणी कशी होते?
न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून तो थेट पकडता येत नाही. त्वरकात तयार केलेली दुर्मीळ केंद्रके सिलिकॉन शोधकात थांबवतात. तिथे इलेक्ट्रॉनची नोंद होते. भोवती पॉलिथिनच्या ठोकळ्यात हेलियम-३ वायूच्या नळ्या असतात. पॉलिथिनमध्ये न्यूट्रॉन मंदावतो, हेलियम त्याला गिळतो आणि विजेचा ठोका उमटतो. इलेक्ट्रॉननंतर ठरावीक अल्पकाळात आलेलेच ठोके धरले, की भटके न्यूट्रॉन बहुतांशी वगळले जातात. जपानमधील रिकेन संस्थेतील ‘ब्रिकेन’ प्रयोगात अशा १४० नळ्या होत्या.

आपल्याला काय फायदा?
अणुभट्टीत युरेनियम-२३५ च्या विखंडनातून निघणाऱ्या १००० न्यूट्रॉनपैकी जेमतेम सहा-सात उशिरा येतात. तेवढ्यांमुळेच साखळी प्रक्रियेचा वेग आवरता येतो. एरवी नियंत्रक कांड्या हलवण्याइतकाही अवधी मिळाला नसता. तारापूरच्या भट्ट्यांनाही हाच नियम लागू आहे.

मग जीएमआरटीचे काम काय?
जीएमआरटीला न्यूट्रॉन दिसत नाहीत. टकरीतून उधळलेले द्रव्य भोवतालच्या वायूवर आदळते, तेव्हा निघणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. त्यावरून उधळणीची ऊर्जा आणि आकार कळतो. या क्षीण लहरींसाठी परिसरात रेडिओ शांतता हवी. नारायणगावमार्गे आखलेली पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे याच कारणाने अडली. म्हणजे विश्वातल्या सोन्याच्या हिशेबाची किंमत या दोन तालुक्यांनीही मोजली आहे.