शिकविणारा कारखाना

आमच्या निंबर्ग्याच्या परिसरात सोलापूरच्या यंत्रमागावर काम केलेला माणूस शोधावयास फार हिंडावे लागत नाही. सणासुदीस गावी आलेला असा एखादा काका किंवा मामा कामाविषयी बोलू लागला, की एक गोष्ट हमखास सांगतो. माग धडधडत असतो, धोटा इकडून तिकडे धावत असतो आणि मध्येच ताण्याचा एखादा धागा तुटतो. ते वेळीच ध्यानात आले नाही तर कापडात उभी रेघ पडते आणि विणलेला माल वाया जातो. म्हणून मागावरच्या माणसाची नजर धाग्यावरून हलता कामा नये. या तुटक्या धाग्यापासूनच आधुनिक कारखानदारीची एक मोठी विद्या जन्मास आली, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. त्या विद्येची, आणि विशेषतः ती कामगारांस कशी शिकविली जाते याची, ओळख करून द्यावी असा आमचा हेतू आहे.

इंग्रजीत या विद्येस ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ म्हणतात. ‘लीन’ म्हणजे अंगावर फाजील चरबी नसलेला, सडसडीत. जॉन क्राफचिक या अभ्यासकाने १९८८ साली हा शब्द कारखान्यास लावला आणि १९९० साली निघालेल्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या ग्रंथाने तो जगभर नेला. आपल्या भाषेत ‘लीन’ म्हणजे नम्र. हा केवळ उच्चाराचा योगायोग खरा. परंतु तो अगदीच निरर्थक नाही, हे पुढे दिसून येईल.

साकिची टोयोडा हा जपानमधील एका खेड्यातील सुताराचा मुलगा. त्याचा जन्म १८६७ चा. घरी आई मागावर बसे. तिचे कष्ट पाहून त्याने मागात सुधारणा करण्याचा ध्यास घेतला. १८९१ साली त्याला लाकडी हातमागाचे एकस्व मिळाले. पुढे त्याने धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. १९२४ साली पूर्णत्वास गेलेल्या त्याच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने विकत घेतले. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिला, त्यानेच एका सुतारपुत्रापाशी मागाची विद्या विकत मागावी, ही लहान गोष्ट नव्हे. साकिचीचा पुत्र किइचिरो याने पुढे मोटारींकडे लक्ष वळविले आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली.

त्या मागात एक मोठे तत्त्व दडलेले होते. दोष उत्पन्न होताच काम थांबले पाहिजे, म्हणजे दोषाचे मूळ जागच्या जागी सापडते. जे यंत्र वेड्यासारखे चालतच राहते, ते कापडाबरोबर दोषही विणीत राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान खंक झाला होता. १९५० साली टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरोने अध्यक्षपद सोडले. अशा दिवसांत ताइची ओनो या अभियंत्याने कापडाच्या कारखान्यातील हे तत्त्व मोटारींच्या कारखान्यात रुजविले. भांडवल नाही, जागा नाही, माल साठविण्यास पैसा नाही. तेव्हा जे व्यर्थ जाते तेच वाचविले पाहिजे, हा त्याचा विचार.

व्यर्थ काय काय जाते? ओनोने त्याचे सात प्रकार सांगितले आहेत. गरजेपेक्षा अधिक माल करणे, कामावाचून वाट पाहत बसणे, वस्तूंची विनाकारण नेआण करणे, आवश्यक नसलेले जादा काम करणे, साठा करून ठेवणे, माणसास निष्कारण वाकावयास, चालावयास व शोधावयास लावणे, आणि सदोष माल करणे. यांत पहिला प्रकार सर्वांत घातक. कारण इतर दोष त्याच्या पोटात लपतात. घरात चार माणसे जेवणार असता वीस भाकरी भाजल्या, तर पीठ, सरपण व वेळ तर जातोच. शिवाय मधल्या दोन भाकरी करपल्या हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. हे व्यर्थ जाणे कोणास दिसते? कचेरीत बसलेल्या साहेबास नव्हे, तर दिवसभर त्या जागी उभ्या असणाऱ्या कामगारास. परंतु दिसणे आणि समजणे यांत अंतर आहे, व ते शिक्षणाने भरून काढावे लागते. ओनो खडूने जमिनीवर वर्तुळ काढी, त्यात आपल्या माणसास उभा करी आणि समोरचे काम नुसते पाहावयास सांगे. तासातासाने येऊन विचारी, “काय दिसले?” पाहणे हीच त्याच्या शाळेची पहिली इयत्ता होती.

शिकविण्याची पद्धत मात्र जपानची नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कसबी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसे आली. त्यांना झटपट शिकविण्यासाठी तेथील सरकारने १९४० साली एक योजना सुरू केली. १९४५ पर्यंत १६ लाखांहून अधिक लोक तीत शिकून निघाले. युद्धानंतर ती जपानात पोहोचली आणि टोयोटानेही स्वीकारली. या योजनेतील शिक्षक पहिल्याच दिवशी एक गंमत करीत. विजेच्या तारेची एक विशिष्ट गाठ कशी मारावी हे ते एका विद्यार्थ्यास नुसते तोंडाने सांगत. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्यास ते न बोलता करून दाखवीत. त्यालाही ती जमत नसे. हातात हात गुंतवून बसलेला तो विद्यार्थी पाहून वर्ग हसे. आणि मग शिक्षक विचारी, आपल्या कारखान्यात नव्या माणसास आपण याहून वेगळे काय करतो?

यानंतर खरी रीत शिकविली जाई. तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी तयारीची. शिकणाऱ्याच्या मनातील भीती घालवावी, त्याला आधी काय येते ते विचारावे. दुसरी दाखविण्याची. काम एकेक टप्प्याने करून दाखवावे. प्रत्येक टप्प्यातील मेख कोठे आहे आणि ती का, हे सांगावे. एका वेळी पेलेल त्याहून अधिक देऊ नये. तिसरी करवून घेण्याची. शिकणाऱ्याने स्वतः काम करावे आणि करता करता ते का करतो हे सांगावे. चूक तेथल्या तेथे सुधारावी. चौथी पाठराखणीची. त्याला कामावर सोडावे, अडचण आली तर कोणास विचारावयाचे ते सांगावे, वारंवार जाऊन पाहावे आणि हळूहळू लक्ष कमी करावे. या साऱ्याच्या मुळाशी एकच दंडक आहे: शिकणाऱ्यास आले नाही, तर दोष शिकविणाऱ्याचा.

हा दंडक वाचताना आम्हांस आमच्या गावची मुले आठवतात. दरवर्षी दहावीनंतर कित्येक जण सोलापूर, पुणे, हैदराबाद, बंगळूर अशा शहरांची वाट धरतात. बहुतेकांना पहिल्या दिवशी “बघ आणि शीक” एवढेच सांगितले जाते आणि तिसऱ्या दिवशी “अजून येत नाही?” म्हणून शिव्या मिळतात. काही मुले परत येतात. लोक म्हणतात, याला काम झेपले नाही. त्याला कोणी शिकविले होते काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

शिकविलेल्या कामगारास या पद्धतीत एक अधिकार मिळतो. त्याच्या जागेजवळ एक दोरी असते. काही चुकते आहे असे दिसताच त्याने ती ओढावयाची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो आणि ठरलेल्या वेळात उलगडा झाला नाही तर कामाची सारी रांग थांबते. दोरी ओढणाऱ्यास कोणी रागे भरत नाही. उलट त्याचे आभार मानावयाचे असा संकेत आहे. मग सर्वांनी मिळून “का?” हा प्रश्न पाच वेळा विचारावयाचा.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध. तेथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, एखाद्या डाळ गिरणीत चुरी फार पडू लागली. का? लहानमोठे दाणे एकाच वेळी रोलरखाली गेले. का? चाळणीने त्यांची प्रतवारी केली नाही. का? चाळणीची जाळी फाटली होती. का दुरुस्त केली नाही? ती फाटल्याचे कोणी पाहिलेच नाही. का? चाळणी रोज तपासण्याचे काम कोणास नेमून दिलेले नव्हते, की शिकविलेलेही नव्हते. पहिल्या प्रश्नावर थांबलो असतो तर रोलरवरच्या माणसाची मजुरी कापली असती आणि चुरी तशीच पडत राहिली असती. पाचव्या प्रश्नापर्यंत गेल्यावर कळते की दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे.

याच शिक्षणाचा आणखी एक धडा जपानी भाषेत ‘स’ने आणि ‘श’ने आरंभ होणाऱ्या पाच शब्दांत सांगितला जातो. मराठीत त्यांस निवड, मांडणी, झाडलोट, नेम व शिस्त म्हणता येईल. नको ते काढून टाकावे, हवे ते ठरल्या जागी ठेवावे, जागा स्वच्छ करावी, त्याचा नेम बांधावा आणि तो पाळावा. आम्ही हा धडा शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहिला. परीक्षानळ्या एका कपाटात, त्यांची घोडी दुसऱ्यात आणि स्पिरिटचा दिवा कोठे ते कोणासच ठाऊक नाही, अशी आमची स्थिती होती. शोधाशोधीतच तास संपे आणि प्रयोग पुढच्या बाकावरील दोघे करीत. फुटके सामान काढून प्रत्येक वस्तूची जागा रंगाने आखून घेतल्यावर मागच्या बाकावरील मुलांच्याही हाती परीक्षानळी आली. नवे सामान एक पैशाचेही आणले नव्हते.

ही विद्या आपल्या कर्नाटकात आली तीही एका मराठी घराण्याचा हात धरून. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि खेड्यातील माणसांच्या हातून लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत, त्या काळची ही गोष्ट. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या सहभागाने १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटार ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे तिचा कारखाना उभा राहिला. तेथेच २००७ साली एक तांत्रिक प्रशिक्षण संस्था निघाली. कर्नाटकाच्या ग्रामीण भागातील, गरीब घरची, दहावी झालेली मुले निवडून त्यांना तीन वर्षे वसतिगृहात ठेवून शिकवावयाचे, असा तिचा उपक्रम. पुढे मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला. जोडणी, रंगकाम, वेल्डिंग अशा हातच्या कौशल्याबरोबरच शरीर व मन घडविण्यावर तेथे भर असतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच बिडदीच्या कारखान्यात २०२० च्या नोव्हेंबरात कामगार व व्यवस्थापन यांच्यात तंटा होऊन टाळेबंदी झाली. कामाचा बोजा असह्य वाढला, ही कामगार संघटनेची मुख्य तक्रार होती. बेशिस्त वर्तन झाले, हे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. तंटा मिटावयास २०२१ चा मार्च उजाडला. कोणाचे किती खरे याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. एवढे मात्र दिसते की जो व्यर्थपणा काढावयाचा तो कामातला, माणसाचा विसावा नव्हे. श्वास घ्यावयास लागणारा क्षणही ‘व्यर्थ’ म्हणून मोजला, तर सडसडीत अंगाची हाडे दिसू लागतात. दोरी ओढण्याचा अधिकार वेगाविरुद्धही चालला पाहिजे.

ही विद्या मोठ्या कारखान्यांपुरतीच आहे असेही नाही. लहान उद्योगांनी ती शिकावी म्हणून भारत सरकारने २००९ साली एक योजना आरंभिली आणि १० मार्च २०२३ रोजी तिला नवे रूप दिले. मार्गदर्शकाच्या खर्चाचा ९० टक्के भार तीत सरकार उचलते. डाळ गिरणी, यंत्रमाग, लोहारकामाची शेड या सर्वांना ती खुली आहे.

आमच्या या भागात, कल्याण नगरीत, बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायकाची महती सांगितली. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही असे बजाविले. जेथे कामगारास शिकविले जाते, विचारले जाते आणि त्याचे ऐकले जाते, तेथे त्या शिकवणीचा काही अंश खचित जिवंत आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे एवढेच. उद्या आपण कोठेही कामास लागलात, तर लीन होऊन शिका. परंतु धागा तुटलेला दिसला तर गप्प राहू नका. आणि पुढे कधी आपल्या हाताखाली गावाकडचा एखादा नवखा मुलगा आला व त्याला काम जमेना, तर त्याच्यावर ओरडण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःस विचारा: आपण त्याला शिकविले होते काय?