मन आजारी पडतं तेव्हा...

मुलांनो, ताप आला की आई कपाळाला हात लावून बघते, डॉक्टरांकडे नेते. त्या दिवशी शाळा बुडाली तरी कुणी रागावत नाही. पण मन आजारी पडलं तर? ते थर्मामीटरवर दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "नुसता आळस!" आणि मित्र म्हणतात, "भाव खातोय." आज अशाच एका आजाराची ओळख करून घेऊ या. त्याचं नाव नैराश्य, म्हणजेच डिप्रेशन.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. वाईट वाटणं हा आजार नव्हे. मार्क कमी पडले, जिवलग मैत्रिणीनं कट्टी घेतली, आजोबा वारले, तर रडू येणारच. येऊ द्यावं. असं दुःख हळूहळू ओसरतं, मधूनच हसूही येतं. नैराश्यात मात्र दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहतं. जेवण अर्धवट टाकून क्रिकेटला पळणारा मुलगा बॅटला हातही लावत नाही. झोप उडते, नाहीतर फार येते. भूक बदलते. वाचलेलं डोक्यात शिरत नाही. 'मी कुणाच्याच कामाचा नाही' असं वाटत राहतं. मुलांमध्ये कधी उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसते, नाहीतर सारखं पोट दुखतं.

बायपोलर नावाच्या दुसऱ्या आजारात काही काळ नैराश्य, तर काही काळ विलक्षण उत्साह असतो. तेव्हा झोपेची गरज वाटत नाही, बोलणं थांबत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं. आपण वर्गात कुणावर शिक्का मारायचा नाही हं!

हे कशामुळे होतं? एकच कारण नसतं. आनुवंशिकता, मेंदूतले बदल, घरातली भांडणं, सततची चिडवाचिडवी, एखादा आघात असं बरंच काही एकत्र येतं. माणूस दुबळा असतो म्हणून नव्हे. अभिनेत्री दीपिका पदुकोण हिचे चित्रपट जोरात चालत होते, तेव्हाच तिला नैराश्यानं गाठलं. २०१५ साली तिनं ते सर्वांसमोर सांगितलं. समुपदेशन आणि औषधं घेऊन ती सावरली.

आता तुम्ही विचाराल, नुसतं बोलून आजार कसा बरा होईल? अमेरिकेतले डॉक्टर आरन बेक (१९२१–२०२१) नैराश्याच्या रुग्णांचं बोलणं बारकाईनं ऐकत असत. त्यांच्या लक्षात आलं, की या रुग्णांच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल वाईट विचार आपोआप येतात आणि त्यांना ते खरेच वाटतात. १९६०च्या दशकात बेक यांनी त्यावरून एक उपचारपद्धती तयार केली. ती आज जगभर वापरतात.

समजा, मित्र तुमच्याकडे न बघता निघून गेला. मनात आलं, 'मी त्याला नकोसा झालोय.' थेरपिस्ट उपदेश करत नाहीत. ते विचारतात, "याला पुरावा काय? आणखी काय कारण असू शकेल?" कदाचित त्याला बस गाठायची असेल. उद्या त्यालाच विचारून बघायचं ठरतं. हो, इथेही गृहपाठ असतो! दुसरा गृहपाठ छोट्या कामांचा. काहीच करावंसं वाटत नसलं तरी दहा मिनिटं झाडांना पाणी घालायचं आणि नंतर कसं वाटलं ते वहीत लिहायचं. उत्साहाची वाट बघत बसलं तर तो येत नाही. काम सुरू केलं की मागून हळूहळू येतो. याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. आजार जास्त असेल तर डॉक्टर औषधंही देतात. तुम्ही सांगितलेलं थेरपिस्ट गावभर करत नाहीत. जिवाला धोका असेल तर मात्र ते घरच्यांना विश्वासात घेतात.

पालकहो, "तुला काय कमी आहे?" असं विचारू नका. त्यानं मूल आणखी गप्प होतं. शेजारी बसा, ऐका आणि "आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ" एवढंच म्हणा. शाळेतले समुपदेशक किंवा जिल्हा रुग्णालय इथे विचारता येईल. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली मानस' सेवेचा क्रमांक आहे १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतूनही बोलता येतं.

आणि मुलांनो, एखादा मित्र "जगावंसंच वाटत नाही" असं म्हणाला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ त्यानं घातली तरी ती पाळू नका. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच आईबाबांना किंवा बाईंना सांगा. स्वतःच्या मनात असं आलं तरीही तेच करा. मित्र रागावेल कदाचित. रागावू दे. कट्टी काय, नंतर सोडवता येते.