बारामती व इंदापूर तालुक्यांतील आरोग्याधिकारी : नियुक्ती व नियंत्रण

सार्वजनिक आरोग्याचे रक्षण हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे आद्य कर्तव्य मानले जाते. परंतु ते ज्या अधिकाऱ्याने पार पाडावयाचे, त्याची नियुक्ती कोणी करावी व त्याने जाब कोणास द्यावा, हे प्रश्न दिसतात तितके सरळ नाहीत. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने लक्षणीय होत. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी या दोहोंतून जाते व तेथील आरोग्ययंत्रणेची दर वर्षी कसोटी लागते.

१९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण आरोग्याचे कार्य त्यांच्याकडे गेले. जिल्हा आरोग्य अधिकारी हा परिषदेचा खातेप्रमुख असतो. त्याच्या हाताखाली तालुका आरोग्य अधिकारी व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी काम करतात. मैदानी प्रदेशात ३०,००० लोकवस्तीस एक केंद्र व ५,००० वस्तीस एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे.

येथे एक द्वैत उत्पन्न होते. आरोग्यसेविका ही जिल्हा परिषदेची सेवक असते. वैद्यकीय अधिकारी मात्र राज्यसेवेतील असून त्याची नियुक्ती शासन करते. त्याच्या दैनंदिन कामावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे नियंत्रण असले, तरी राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार नेमणूक करणाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास त्याला बडतर्फ करता येत नाही. अर्थात काम परिषदेचे, पण अखेरचा अंकुश शासनाचा, अशी ही रचना आहे.

शहरांची व्यवस्था निराळी आहे. बारामती व इंदापूर नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम लागू असून तेथील स्वच्छतेची जबाबदारी शासननियुक्त मुख्याधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पार पडते. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अधीन असतात. जिल्हा परिषदेचा त्यांच्याशी प्रशासकीय संबंध नाही.

पालखीच्या वेळी या विभागणीचा अर्थ स्पष्ट होतो. वारकरी बारामतीच्या मुक्कामी असता पाणी व स्वच्छता नगरपरिषदेकडे असते. सणसर किंवा निमगाव केतकी येथे तीच जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते. आणि एखादा रुग्ण रुग्णालयात पोहोचताच तिसरी शाखा सुरू होते. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीचे काम, तर पाण्याचे नमुने तपासणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे. पाणीपुरवठा सदोष आढळल्यास आरोग्य विभाग ग्रामपंचायतीस लाल कार्ड देतो. दुरुस्ती मात्र पंचायतीनेच करावयाची असते. ज्यास दोष दिसतो त्याच्या हाती उपाय नाही. जलजन्य रोगांची साथ या सीमा जाणत नाही. म्हणून वारीपूर्वीच्या समन्वय बैठकांना विशेष महत्त्व आहे.

नियंत्रणाचे दुसरे अंग लोकप्रतिनिधींचे होय. परिषदेची आरोग्य समिती औषधसाठा, रिक्त पदे व खर्च यांविषयी प्रश्न विचारू शकते. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या व मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. एरव्ही जो समितीस उत्तरदायी, त्याच्याच हाती समितीचेही अधिकार आले. आरोग्यसेवा चालू राहिली. परंतु निमगावच्या रहिवाशाने आपल्या केंद्रातील उणिवेविषयी ज्या सदस्याकडे जावयाचे, तो सदस्यच राहिला नाही.

यावरून असे दिसते की, नियुक्ती राज्याकडे असल्याने अधिकाऱ्यास स्थानिक दडपणापासून संरक्षण लाभते. तथापि त्यास जाब विचारणारी स्थानिक सभा नसेल, तर हे संरक्षण नागरिकांपासूनच्या दुराव्यात परिणत होण्याचा संभव असतो.